आप्पांचा ज्यूकबॉक्स

तर झालं असं, की २०२४च्या दिवाळीत गावी गेलो होतो. पहाटेची वेळ. आजी देवापुढे बसलेली आणि वहिनीने तिला मोबाईलवर हरिपाठ लावून दिलेला. डोळे मिटलेले, हात जोडलेले, सगळं अगदी साग्रसंगीत. आणि मध्येच एक बाई किंचाळली, "पाच मिनिटांत पर्सनल लोन! कागदपत्रांची कटकट नाही!"

आजीने डोळे उघडले नाहीत की हात सोडले नाहीत. तिला वाटलं असावं, हेही त्यातलंच. सोप्यात बसलेले आप्पा (म्हणजे माझे आजोबा) मात्र म्हणाले, "आरं, ह्या बयेला मधीच कुणी बोलावलं? कॅसेट लावली की नुसती कॅसेटच वाजायची."

इंजिनियर माणसासमोर अशी वाक्यं बोलू नयेत. दिवसभर हापिसात दुसऱ्यांच्या रिक्वायरमेंट ऐकून घेणाऱ्याला घरातून रिक्वायरमेंट आली की त्याचं काही खरं नसतं. दुपारी जेवण झाल्याबरोबर शिडी लावून मी माळ्यावर. पत्र्याच्या एका ट्रंकेत कॅसेट निघाल्या. मोजल्या, ११२ भरल्या. काहींच्या डब्या उंदरांनी कुरतडलेल्या, काहींवर पालीची अंडी, पण फिती बऱ्यापैकी शाबूत. त्याच माळ्यावर आमचा जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता. पूर्वी चार पाय आणि सरकत्या लाकडी शटरचे टीव्ही यायचे ना, तसला. आतली पिक्चर ट्यूब केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेली, पण खोकं एकदम दणकट. त्या रिकाम्या खोक्याकडे बघता बघता डोक्यात प्रकाश पडला, की ज्यूकबॉक्स करायचा.

नवीन वाचकांसाठी: मी पुण्यात हिंजवडीला कोड लिहितो, वय वर्षं अठ्ठावीस. गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या अगदी काठावर. जेऊर स्टेशनला उतरायचं आणि पुढे मिळेल ते वाहन. आजूबाजूला ऊस, कंदरकडे केळी, पाण्यात चिलापी आणि थंडीत फ्लेमिंगो बघायला येणारे तुमच्यासारखे शहरी लोक :-) आमचं आत्ताचं गाव म्हणजे नवं गावठाण. जुनं गाव पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. उजनी भरलं की ११७ टीएमसी, आणि त्यातलं ६३ मृतसाठा. त्यामुळे आमच्याकडे धरण 'रिकामं' कधी होत नाही, 'मायनस'मध्ये जातं. २०२४च्या उन्हाळ्यात असंच खोल मायनसमध्ये गेलं होतं, तेव्हा जुन्या देवळाचं जोतं उघडं पडलं. आप्पांना मोटरसायकलवर बसवून तिथं नेलं होतं. ते काही बोलले नाहीत. जोत्यावर बसून तंबाखू मळली आणि म्हणाले, "चल, ऊन झालं."

असो. ज्यूकबॉक्स.

हा शब्द ऐकला की मुंबईची इराणी हॉटेलं आठवतात. नाणं टाका, बटण दाबा, आवडीची रेकॉर्ड लागते. आमच्या भागात ते कौतुक पोचलं नव्हतं. इथला ज्यूकबॉक्स म्हणजे एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलाचा मालक. "मालक, प्रल्हाद शिंदे लावा की!" एवढं ओरडायचं, की कळकट हातांनी तो कॅसेट बदलायचा. पीटर मॅन्युएल नावाच्या अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक लिहिलं, उत्तर भारतातल्या कॅसेटच्या धंद्यावर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की रेकॉर्डच्या जमान्यात काय ऐकायचं ते एकदोन मोठ्या कंपन्या ठरवायच्या. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि गल्लीबोळातले, बोलीभाषेतले, भजनाबिजनाचे छोटे धंदेवाले उभे राहिले. आमची ट्रंक म्हणजे या पुस्तकाचं परिशिष्टच म्हणा ना. तमाशातल्या गवळणी, खंडोबाची गाणी, भीमगीतं, कीर्तनं, हिंदी सिनेमे. शिवाय सगळ्यात महत्त्वाच्या म्हणजे कोऱ्या कॅसेट. कोरी कॅसेट आणि माईकवाला टू-इन-वन घरात आला, की कोणीही आपला आवाज धरून ठेवू शकत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर रिक्वायरमेंट. इंटरनेट नको, कारण ती लोनवाली बाई नको. स्क्रीन नको, कारण आजीला चष्मा सापडत नाही आणि आप्पांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक दिसत नाही. आणि लाईट गेली तर यंत्र बिघडलं नाही पाहिजे. ही शेवटची अट पुण्यात बसून हास्यास्पद वाटते. गावात हीच सगळ्यात अवघड.

पहिला प्रयत्न सगळे हौशी लोक करतात तोच: रास्पबेरी पाय. पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, त्यात मेमरी कार्ड, मागे एक छोटं ऑडिओ कार्ड. पुण्यातल्या टेबलावर इतकं सुंदर चाललं की मी फोटो काढून मित्रांना पाठवले. डिसेंबरात गावी नेऊन बसवलं. पहिल्या आठवड्यात लाईट किती वेळा गेली असेल ते महावितरणलाच माहीत. पुढच्या शनिवारी पोचलो तर यंत्र मुकं. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली की फाईल सिस्टिमचे तीनतेरा वाजतात, ते वाजले होते. यावर इलाज आहे. कार्ड 'फक्त वाचा' अवस्थेत ठेवायचं, सगळं लिखाण रॅममध्ये करायचं. पायच्या सेटिंगमध्ये तशी सोयही आहे. पण मग एखादं नवीन गाणं टाकायचं तरी उलटसुलट कसरत, आणि ती करायला दर वेळी मीच हवा. शिवाय लाईट गेल्यावर गाणं बंद पडतं ते पडतंच.

तेव्हा एक साक्षात्कार झाला. ज्याला स्वतःची बॅटरी आहे असा कॉम्प्युटर माझ्याकडे आधीपासूनच होता: इंजिनियरिंगच्या चार वर्षांत वापरलेला लॅपटॉप. स्क्रीनला तडा, तीन बटणं गायब. रिक्वायरमेंटमध्ये स्क्रीन नव्हतीच! नवी बॅटरी टाकली, लिनक्स टाकलं, झाकण मिटलं तरी झोपायचं नाही अशी सेटिंग केली आणि टीव्हीच्या खोक्यात आडवा ठेवून दिला. लाईट गेली की दोन-अडीच तास आरामात चालतो. माझं स्पष्ट मत: गावात यंत्र बसवायचं असेल तर पहिल्यांदा कपाटातला जुना लॅपटॉप बाहेर काढा, मग फॅशन करा.

गाणी वाजवायला एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन. २००३ पासून चालत आलेला, अजिबात दिखाऊ नसलेला प्रोग्रॅम. त्याला स्वतःचं तोंड नाही. मागे गुपचूप बसतो, कोणी सांगेल ते वाजवतो. (आमच्या टीममध्ये असा एक माणूस आहे. त्याच्यावरच सगळं प्रोजेक्ट चालतं.) सांगायचं कोणी, तर नंबरांचा कीपॅड. बँकेतल्या कॅशियरकडे असतो तसला सुटा यूएसबी कीपॅड, साडेतीनशे रुपये. तीन आकडे दाबा, एंटर करा, गाणं सुरू. अधिक-उणे दाबून आवाज कमी-जास्त, शून्य दाबलं की गप्प. आजीला अक्षर फारसं वाचता येत नाही, पण आकडे एसटीच्या तिकिटापासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळे येतात. गावातल्या काही मंडळींना आकडे याहून चांगले पाठ आहेत, त्याचं कारण वेगळं.

पहिल्याच दिवशी बग. आजीने १०१ दाबलं, काहीच नाही. मी दाबलं, तरी नाही. तास गेला. शेवटी कळलं की तिचं बोट नमलॉकवर पडलं होतं, आणि नमलॉक बंद असला की आकड्यांचे बाण होतात. मग माझी पायथनची स्क्रिप्ट बदलून, अक्षर काय आलं ते न बघता कोणती कळ दाबली गेली ते थेट बघायला लावलं. आणि एवढं करूनही नमलॉकची टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटून टाकली. सॉफ्टवेअरवर पूर्ण विश्वास फक्त सॉफ्टवेअर न लिहिणारे ठेवतात.

आता खरं काम. कॅसेटवरचं गाणं कॉम्प्युटरवर आणायला शॉर्टकट नाही. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं. जुन्या बाजारातून टेप डेक आणला. त्याचे रबरी पट्टे ढिले होऊन चिकट झालेले, ते बदलले. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर बोळा चॉकलेटी निघाला. पुढचा धडा असा, की लॅपटॉपचं माईकचं भोक यासाठी उपयोगाचं नाही. ते माईकच्या नाजूक सिग्नलसाठी असतं, तेही बहुतेक वेळा मोनो. खरी लाईन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्डच लागतं. तेही घेतलं, तरी सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये 'घुंऽऽऽ'. दोन विकेंड त्या घुंघुंत गेले. एकदा शेजाऱ्याची मोटार सुरू झाली आणि आमच्याकडची लाईट इतकी डचमळली की वैतागून मी चार्जरच काढून ठेवला. आणि आवाज एकदम स्वच्छ! डेक आणि चार्जर दोघंही भिंतीच्या विजेला जोडलेले, त्यातून अर्थिंगचा फेरा तयार होत होता. तेव्हापासून नियम: रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप बॅटरीवर.

अजून एक गंमत. हेडच्या शेजारी एक बारका स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचा कोन आणि आपल्या मशीनचा कोन जुळला नाही तर आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. तो स्क्रू केसभर फिरवत टाळ कधी खणखणीत होतात ते ऐकत बसायचं. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "कोण आलंय?" या एका वाक्यासाठी सगळे पैसे वसूल.

फाईली एफएलएसी फॉरमॅटमध्ये ठेवल्या, म्हणजे काही कापाकापी न होता. नव्वद मिनिटांना साधारण पाचशे एमबी. आख्खी ट्रंक छोट्याशा एसएसडीवर मावते. यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते नावांचं. कॉम्प्युटरच्या जगात गाण्याला गायक असतो, अल्बम असतो, प्रकार असतो. मी मोठ्या हौसेने सगळं भरायला बसलो, आणि घरात कोणीच गाण्याला त्या नावाने ओळखत नाही हे लक्षात आलं. आजी म्हणते, "आत्याच्या लग्नातली लाव." वडील म्हणतात, "ती टेंभुर्णीच्या बाजारातनं आणलेली." चुलत भावाला हवी असतात ती "ट्रॅक्टरवरची". ऊस वाहतुकीच्या हंगामात हे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यावरून कसे वाजत जातात ते ज्याने ऐकलंय त्याला हा संगीतप्रकार वेगळा समजावून सांगायला नको. तर मी खरोखरच प्रकाराच्या रकान्यात 'ट्रॅक्टर' असं भरलं :-)

जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून केला. एक लाखाच्या वर ओव्या. २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. त्यांनी ओव्या लावल्या त्या विषयवार. सीतेच्या ओव्या, आईच्या ओव्या, भावाच्या ओव्या असं. मला ते वाचून धीर आला. मग मीही शंभरच्या घरात आजीची, दोनशेच्या घरात आप्पांची, तीनशेत वडिलांची अशी वाटणी केली आणि जेऊरला जाऊन यादी मोठ्या अक्षरांत छापून लॅमिनेट करून आणली. गायकांची नावं फाईलमध्ये आहेत. ती बघायला कोणी जात नाही.

मे महिन्यापर्यंत ट्रंकेच्या तळाशी आलो. तळाला एक नव्वदची कॅसेट होती. आप्पांच्या अक्षरात: 'सप्ताह १९८६. तात्या.' तात्या म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. गाव उठलं तेव्हा आमचं भजनी मंडळही फुटलं. कोणी टेंभुर्णीकडे, कोणी इंदापूर तालुक्यात, कोणी माळशिरसला. नव्या गावठाणातल्या सप्ताहाला ही सगळी माणसं एकदा परत जमली, तेव्हा ही कॅसेट भरली. तात्या गातायत, आप्पा पखवाजावर. मी जन्मलो तेव्हा तात्या नव्हते. त्यांचा आवाज म्हणजे एवढी एक कॅसेट. ज्यूकबॉक्सचं काम सुरू झाल्यापासून आप्पा दर शनिवारी विचारत होते, "तात्याची कुठवर आली?"

डेकमध्ये घातली, हेडफोन लावला, प्ले दाबलं.

"...आणि जोगिंदर शर्माचा चेंडू! मिसबाने मारलाय! चेंडू थेट धरणाकडे! पण श्रीसंत, श्रीसंत, श्रीसंतऽऽऽ!"

आवाज माझा होता. वय वर्षं दहा.

२४ सप्टेंबर २००७ला आपण जोहान्सबर्गला पाकिस्तानला पाच धावांनी हरवून पहिला ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकलो. त्यानंतरचे काही आठवडे मी कॉमेंट्री करत फिरत होतो, आणि टू-इन-वनवर ती भरली होती हेही मला पक्कं आठवत होतं. कोणत्या कॅसेटवर, ते मात्र आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर मी आठवायचा कधी प्रयत्नच केला नव्हता.

नव्या पिढीसाठी सांगतो. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या जिभा असायच्या. रेकॉर्डिंग जपायचं असेल तर त्या तोडायच्या, मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. आप्पांनी दोन्ही तोडल्या होत्या. आणि तोडलेल्या भोकावर सेलोटेप चिकटवली की मशीन फसतं, हे शाळेत एका मित्राने मला शिकवलं होतं. म्हणजे चुकून झालं असं म्हणायलाही जागा नाही. मी कुलूप बघितलं, कुलूप आहे हे मला कळलं, आणि मी ते उघडलं.

कॉमेंट्री एकतीस मिनिटं चालते. मग खट् आवाज होतो आणि एकदम अभंगाच्या मधूनच तात्या सुरू होतात. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. एकतीस मिनिटं म्हणजे ८८ मीटर. ए बाजूची शेवटची चौदा मिनिटं आणि आख्खी बी बाजू शिल्लक. तेवढं ८८ मीटर मी पुसलं.

इंजिनियर असल्यामुळे रडण्याआधी मी आशा बाळगली. साध्या टू-इन-वनमध्ये पुसायचं हेड म्हणजे कधी कधी नुसता लोहचुंबक असतो, त्यामुळे खालचं थोडं शिल्लक राहू शकतं, असं वाचलं होतं. मी श्वास घ्यायला थांबलोय त्या जागा शोधून शोधून आवाज वाढवला, गाळण्या लावल्या, हेडचा कोन बदलला. एका जागी टाळ ऐकू आल्यासारखे वाटले. तो भाकरी थापल्याचा आवाज होता. २००७ मधली आमची आजी.

हापिसात कोणी बॅकअप नसलेला डेटाबेस उडवला तर आम्ही चोवीस तासांत अहवाल मागतो. मी आप्पांना सांगायला तीन विकेंड लावले. "पट्टा तुटलाय", "स्क्रू मिळत नाही", असली कारणं दिली. शेवटी एका रविवारी परतीच्या गाडीला तासभर असताना (पळ काढायला बरं!) त्यांच्यासमोर बसलो.

"आप्पा, ती तात्यांची कॅसेट..."

"मॅचची?" आप्पा म्हणाले.

मी गप्प.

"तात्याच्या तिथीला लावली व्हती पुढच्या साली. समदी बसल्याली, अन् तू निघालास आतनं."

"मग मला बोलला का नाही?"

"बोललो न्हाईच. दोन दिवस. तुला वाटलं कैऱ्या पाडल्या म्हणून."

मला ते दोन दिवस आठवले. कैऱ्याही आठवल्या.

मी खिशातून कॅसेट काढली. एक गोष्ट मला मेपासून छळत होती. जिभेच्या भोकावर सेलोटेप नव्हती. चिकटपणाचा पिवळा डाग होता फक्त. कोणीतरी ती नीट सोलून काढली होती.

"म्याच काढली," आप्पा म्हणाले. "परत कुणी पुसू नये म्हणून."

म्हणजे तात्यांचं उरलेलं की माझी मॅच, ते मी विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

पुढच्या शनिवारी घरी पोचलो तर पेटीवाले अण्णा बसलेले. मंडळातले मागे उरलेले दोघेच, एक आप्पा आणि एक हे. आप्पांनी बोलावून घेतलं होतं. मी शिल्लक एकोणसाठ मिनिटं लावली. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. "हे घाई करतंय. आमी असं पळत न्हवतो."

देवळातली मंडळाची जुनी पेटी आणली. अण्णांनी काळी एक दाबून धरली. कॅसेटमधले तात्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी. "तात्या काळी एकच्या वर कंदी गेलाच न्हाई," अण्णा म्हणाले. मग उलगडा झाला. रेकॉर्डिंग सेलवर केलं असणार, सेल उतरत आलेले, मोटर मंद फिरत होती. मंद भरलेली फीत बरोबर वेगाने वाजवली की आवाज चढतो आणि पळतो. अर्धा सूर म्हणजे सहा टक्के, इथे त्याच्या निम्मा फरक. मी तीन टक्के वेग कमी केला. पेटी आणि तात्या एकमेकांत मिसळून गेले, कोणता आवाज कुणाचा ते कळेना. आप्पांची बोटं मांडीवर पखवाजाचे बोल वाजवायला लागली. चाळीस वर्षं ही कॅसेट चुकीच्या वेगाने ऐकली गेली होती, आणि बरोबर वेग माहीत असलेली माणसं दोनच होती.

मग अण्णांनी माझी समजूत काढली. पहिली तीस मिनिटं म्हणजे काय, गजर आणि रूपाचे अभंग, ते काय कुठल्याही गावात तेच. तात्याची खरी गंमत गवळणीत, आणि गवळण बी बाजूला आहे की सगळी. अण्णा फार चांगला माणूस आहे.

"आन् नावं?" आप्पा म्हणाले.

सुरुवातीला, गजराच्या आधी, तात्यांनी माईकजवळ तोंड नेऊन जमलेल्या सगळ्यांची नावं घेतली होती. वीणेकरी कोण, टाळकरी कोण, जुन्या गावातलं घर कुठल्या आळीला आणि आता मुक्काम कुठं. ते माझ्या एकतीस मिनिटांतलं पहिलं दीड मिनिट.

२०२५ची आषाढी रविवारी होती, ६ जुलैला. गावातली चालती माणसं पंढरपुरात. न चालणारी दोघं आमच्या सोप्यात. मी फोन नाही वापरला, बरा माईक नेला होता. आप्पांनी माईकजवळ तोंड नेलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. तात्या ज्या क्रमाने बसवायचे त्या क्रमाने. चार-पाच नावं झाली आणि अण्णांनी अडवलं.

"ह्यो न्हवता त्या साली."

"व्हता. माज्या उजव्या हाताला."

"आरं, त्यो आदल्या दिवाळीत वारला."

"मग उजव्या हाताला कोण व्हतं?"

यावर दोघं बराच वेळ भांडले. पूर्वेच्या आळीपर्यंत गेले, कोणाच्या तरी बैलापर्यंत गेले, बाहेर पाऊस आला, पत्रे वाजायला लागले. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. सव्वासहा मिनिटं झाली आहेत ती, २०१ नंबरवर. आप्पांनी सांगितलं त्याप्रमाणे मॅच २०२, आणि तात्या २०३ पासून पुढे.

शेवटी त्या उजव्या हाताच्या माणसाचं नाव ठरलं नाहीच. आप्पांनी पखवाज पुढे ओढला, शाईवरून तळहात फिरवला आणि अण्णांना म्हणाले, "चल. गजर घे."

अण्णांनी सवयीने काळी एक दाबली. आप्पांनी गळा लावून बघितला आणि हात वर केला.

"न्हाई रं. पांढरी एक दे."